पाळीवर ये, मग सांगीन

वाढदिवसाच्या सकाळी फोन उघडायची आमच्या गावच्या पोरांना धास्ती असायची. कारण तोवर नर्सबाईंचा आवाज ग्रुपवर येऊन पडलेला असायचा, आणि त्यात ज्याचा वाढदिवस त्याची जन्मकथा असायची, तीही कसलीच काटछाट न करता. नागपूरला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एकाबद्दल त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “हा पोट्टा पायाकडून आला. आला तं आला, अन् पहिलं काम काय केलं? माझ्या पदरावर मुतला. आता मोठा साहेब झाला म्हन्ते.” साहेब दिवसभर ग्रुपकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी तोच ऑडिओ आपल्या बायकोला पाठवला, असं तिनेच पुढे आम्हाला सांगितलं.

नर्सबाई म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या निवृत्त नर्स. सालेकसा तालुक्यात, कचारगडला जाणाऱ्या वाटेवर जी धानाची गावं लागतात, त्यातल्या आमच्या गावात त्यांची उभी नोकरी गेली. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची, आणि आसपासच्या गावांतली पोरं त्यांच्याच हातून जगात आली. निवृत्त झाल्या तेव्हा गावाने त्यांना शाल, नारळ आणि एक स्मार्टफोन दिला. शाल त्यांनी पुढच्या बाळंतिणीला देऊन टाकली, नारळ तिथेच फोडून वाटला. फोन तेवढा ठेवला.

तो फोन हातात घेण्याआधी त्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या. एवढ्या वर्षांची सवय, जाणार कशी? टाइप करणं त्यांना कधी पटलं नाही. सगळं बोलूनच, आणि बोलणंही नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं. व्हिडिओ कॉलवर त्यांचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. तिकडून त्या मात्र आपल्याला पुरतं पाहायच्या, आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधी हुकूम सोडायच्या, “डोळा वढून दाखव.” मी पुण्याच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये, खालची पापणी बोटाने ओढून फोनला दाखवली आहे. “पांढरीफटक हाये. रक्त नाही तुह्या अंगात. खाते का नुसती टाइपत राह्यते?”

ग्रुपचं नाव ‘आपले लेकरं’. सुरुवातीला त्यात गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांखेरीज काही नसायचं. नर्सबाईंनी लवकरच फुलांवर बंदी आणली. मग एका उन्हाळ्यात बोडीचा विषय निघाला. बोडी म्हणजे आमच्या गावचा लहान तलाव, आणि तिचा मातीचा बांध म्हणजे पाळ. खालच्या बांध्यांची, म्हणजे धानाच्या खाचरांची, रोवणी, ढिवरांची मासोळी आणि गावातल्या विहिरींचं पाणी, सगळं तिच्यावर. पण काठापासून थेट मधोमध बेशरमची झुडपं माजली होती, गाळ चढला होता, पाणी उन्हाळ्याआधीच आटायचं आणि उरलेलं वास मारायचं. नर्सबाईंचा राग वेगळ्याच कारणासाठी होता. हगवणीने सुकलेली लेकरं त्यांनी जन्मभर पाहिली होती. “माझी अर्धी नोकरी साखर-मिठाचं पानी पाजन्यात गेली,” त्या म्हणायच्या. “बोडी साफ राह्यली असती तं मी मस्त स्वेटर इनले असते.”

गावातल्या जाणत्या मंडळींनी हात झटकले. काम करणारी पोरं गावात आहेतच कुठं, सगळी बाहेर.

“भाईर गेले तं काय झालं?” नर्सबाई म्हणाल्या. “भाईर म्याच काढले हायेत. मलेच बलवा लागन.”

त्यांनी बोडीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि वैशाखात सगळ्यांनी चार दिवस काढून यावं असं बजावलं. उत्तरादाखल अंगठ्यांचा पाऊस पडला. हैदराबादहून अंगठे, रायपूरहून अंगठे, पुण्याहून तर हात जोडलेले वेगळे. नर्सबाईंना वाटलं, सगळे येणार. त्यांनी बायांना सांगून भात टाकायला लावला. आले किती? बिरसीच्या विमानतळावर नोकरी करणारा एक पोरगा, आणि तोही त्याची सुट्टी होती म्हणून. दोघांनी मिळून जमेल तेवढी झुडपं उपटली, आणि रात्री ग्रुपवर नर्सबाईंचा आवाज आला, “अंगठा कोन लावते? ज्याले सही येत नाही तो. तुमाले शाळेत कायले घातलं होतं? आजपासून ज्याचा अंगठा दिसन, तो ग्रुपच्या भाईर.” खरोखरच त्यांनी धडाधड लोकांना काढून टाकलं. त्यात सरपंचही गेले. मग एकेकाची आई घरी येऊन विनवायची, तेव्हा त्याला परत आत घ्यायच्या.

जन्मकथांची युक्ती त्यांना त्यानंतर सुचली. कुठे थांबायचं ते त्यांना अचूक कळायचं. “नाल्याले पूर. बंडी पान्यात शिरली. तुही माय आत कन्हून राहिली, अन् मधातच बैल अडला. मागं जाता येत नाही, पुढं जाता येत नाही. मंग काय झालं? ते असं फोनवर सांगाची गोष्ट नाही. वैशाखात बोडीच्या पाळीवर ये, मंग सांगीन.” बस. ऑडिओ संपला. आता स्वतःच्याच जन्माची गोष्ट अशी पुरात सोडून कोण शांत झोपेल? आईला विचारावं तर ती म्हणायची, मला कुठं शुद्ध होती, नर्सबाईलाच विचार.

माझं पोट सोशल मीडियावर चालतं. पुण्याच्या एका कंपनीत, वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून चिडलेल्या लोकांना मी गोड शब्दांत उत्तरं देते. त्यामुळे नर्सबाईंनी मला परस्पर दुसरी ॲडमिन करून टाकलं होतं. मी त्यांना माझ्या परीने शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, नर्सबाई, ऑडिओ एवढे लांब नको, आजकाल एक मिनिटाच्या वर कोणी ऐकत नाही. “एका मिनिटात कोनाचं लेकरू होते का?” त्या म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

एका गोष्टीवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. पुढच्या उन्हाळ्यात पोरं आली, बरीच आली. अर्धीअधिक बोडी मोकळी झाली. मी म्हटलं, आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी टाकू, सगळीकडे पसरेल, लोक वाहवा करतील. नर्सबाईंनी साफ नाही म्हटलं. बोडीत एक पूर्ण उन्हाळा पाणी टिकल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही, हा त्यांचा नियम.

“अहो, तोवर लोक विसरून जातील,” मी म्हटलं.

“जाऊ दे विसरून. लेकरू झालं की लगेच बारसं करते का कोनी? पयले रडलं पायजे, दूध पेलं पायजे, अंग धरलं पायजे. तुले काऊन एवढी घाई होऊन राहिली?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मग पुढच्या ज्येष्ठात, ऐन उन्हात, त्यांनी आपणहून ग्रुपवर एक फोटो टाकला. बोडीत पाणी, ढिवर बायांनी सांगितलेल्या आणि पोरांनी लावलेल्या पाणवनस्पती, त्यांत दोन बगळे, आणि कोपऱ्यात नर्सबाईंच्या बोटाची सावली. तो फोटो मी ऑफिसात बसून इतका वेळ पाहत राहिले की शेजारची मुलगी म्हणाली, काय गं, कोणाचा आहे?

खरं सांगायचं तर त्या ग्रुपवर माझा जीव त्यांच्या बोलण्याहून जास्त मागच्या आवाजांत अडकलेला असायचा. त्यांचं घर गोंदियाजवळ फुलचूरला, मुलाने बांधलेलं, वर पंचशीलाचा झेंडा. पण सकाळची गाडी पकडून त्या हटकून गावी यायच्या. फुलचूरहून बोलल्या की मागे शिकाऊ वैमानिकांच्या विमानाची घरघर. गावातून बोलल्या की हातपंपाचा करकर आवाज, कोणीतरी कोंबड्यांना हाकलतंय, कोणी पोवारी बोलीत कोणावर ओरडतंय. मी एकदा नर्सबाईंसाठी ऐकायची आणि मग पुन्हा एकदा त्या आवाजांसाठी. पुण्यातल्या माझ्या खोलीत लिफ्टच्या दाराखेरीज काही वाजत नाही. गाव सुटल्याचं दुःख असं रडण्याजोगं मोठं नसतं, पण ते रोज असतं.

आणि माझं तर गावही नीट माझं नव्हतं. मला कळायच्या आतच माझी आई गेली. आत्याने मला गोंदियाला नेलं, तिथेच वाढले, हिंदी शाळेत शिकले. बाबा गावी राहिले. आईबद्दल त्यांना काही विचारलं की ते उठून गोठ्याकडे जायचे, आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत तिथेच थांबायचे. मग मी विचारणं सोडून दिलं. आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे, गोंदियाच्या स्टुडिओतला. त्यात ती इतकी ताठ उभी आहे की तिच्याविषयी काहीच कळत नाही. ती कशी बोलायची, कशी हसायची, रागवायची का, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. नर्सबाई मात्र तिला ओळखत होत्या. मी जन्मले तेव्हा आई कशी होती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक असणार होतं.

म्हणून मी माझ्या वाढदिवसाची वाट पाहायची. माझा जन्म श्रावणातला, रोवणीच्या दिवसांतला. पहिल्या वर्षी सकाळी ऑडिओ आला. “आज आपल्या पुन्यावालीचा वाढदिवस. हिची गोष्ट पाळीवर.” एवढंच. बाकीच्यांना निदान अर्धी मिळायची, पूर, बैल, कंदील, काहीतरी. मला काहीच नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मी फोन केला, म्हटलं, नर्सबाई, मला थोडं तरी सांगा. तर त्या म्हणाल्या, “तुही गोष्ट तशी नाही,” आणि डोळा ओढून दाखवायला लावला. त्या रात्रीच नव्हे, त्यानंतरचे कितीतरी दिवस मी त्या वाक्याचा विचार करत होते. तशी नाही म्हणजे कशी? आईला फार त्रास झाला होता का? तिला मी नको होते का? मुलगी झाली म्हणून ती रडली का?

नर्सबाई आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. त्यांच्यानंतर ग्रुप बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तसं झालं नाही. बोडीचं काम चालूच आहे. शेतकी शिकलेल्या एका मुलीने जुन्या सुवासिक धानाचं बियाणं राखायला घेतलं आहे, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत जेवणावळीला थर्माकोल जाऊन पुन्हा पळसाच्या पत्रावळी आल्या आहेत. फक्त वाढदिवसाची सकाळ मुकी झाली आहे. कोणी केकचं चित्र टाकतं, पण त्यावर कोणी काही बोलत नाही.

मी पाळीवर गेले ते त्या असतानाच्या शेवटच्या उन्हाळ्यात. वैशाखातलं ऊन मी विसरून गेले होते. नर्सबाई पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसल्या होत्या. खाली बोडीच्या कोरड्या बाजूला पोरं-पोरी उरलेलं बेशरम उपटत होती. उपटलेलं प्रत्येक झाड नर्सबाईंना दाखवावं लागायचं. मूळ तुटलेलं दिसलं की परत पाठवायच्या. “वार अर्धी आत राह्यली तं बाईचं काय होते, माहीत हाये का? तसंच हे. पुरं काढ.” एमबीए झालेला एक जण त्यांच्यासमोर मूळ धरून शाळकरी पोरासारखा उभा होता.

दुपारी सगळे सावलीत जेवायला बसले, आणि तिथे गोंधळ झाला. हैदराबादहून आलेला एक जण मोठ्या ऐटीत सांगू लागला, मी नाल्याच्या पुरात बंडीत जन्मलो. इन्स्टावर त्याने आपलं नावच ‘बैलबंडीवाला’ ठेवलं होतं. हे ऐकून बिरसीचा पोरगा घास तसाच ठेवून उठला. “काय बोलून राहिला बे? बंडीत मी झालो!” तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “माय वो! मले तं सांगितलं होतं, बंडीतली मी म्हनून.” तिघांचा पूर तोच, बैल तोच, अडण्याची जागाही तीच. मग एकेक जण बोलायला लागला. कंदील विझलेला दोघांच्या वाट्याला आला होता. पदरावर मुतणारे तर बरेच निघाले. सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

नर्सबाई भातावर वरण ओतत होत्या. जराही डगमगल्या नाहीत.

“मंग?” त्या म्हणाल्या. “एवढे लेकरं काढले म्या. कोनाचं काय झालं, सारं ध्यानात कसं राहीन? बंडीत एक झाला, हे खरं हाये. तो कोन, ते तुमी तिघं मिळून ठरवा. पर आले नं तिघंही?”

बैलबंडीवालाच आधी हसला, आणि सगळी पाळ हसायला लागली. फक्त मी ताट बाजूला सारलं. मी पुण्याहून एवढ्या लांब ज्या एका गोष्टीसाठी आले होते, तीही आता अशीच कुठल्या तरी बंडीतून येणार होती. आईबद्दल मला खोटं काही नको होतं. त्यापेक्षा काही न कळलेलं परवडलं असतं.

जेवणं आटोपून पोरं पांगली. मी नर्सबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि सरळच म्हणाले, “आठवत नसेल तर तसं सांगा. पण रचून सांगू नका. मला आईचं दुसरं काहीच माहीत नाही.”

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. त्यांचा तो नाल्यापलीकडे पोचणारा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“तुहं ध्यानात हाये. तुहंच ध्यानात हाये. ग्रुपवर सांगता येत नोहोतं म्हनून सांगितलं नाही. मी उशिरा पोचली वो.”

“म्हणजे?”

“रोवनीचे दिवस. सारं गाव बांधीत. मी दुसऱ्या गावाले लसीचे डोज द्याले गेली होती. तुहा बाप मले बलवाले धावत आला, तं मी आपली याच पाळीवरनं चिखल तुडवत निघाली. दारात आली अन् पाह्यतो तं काय, तू होऊन गेलती. घरात दुसरं मानूस नाही. तुह्या मायनं एकलीनं सारं निभावलं, अन् तुले पोटावर घेऊन पडली होती. म्या काय केलं? नुसती नाळ कापली. आता हे कसं सांगू ग्रुपवर? लोकं म्हनतीन, लय मोठी नर्सबाई, येळेवर पोचली नाही.”

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना त्या उशिराची लाज वाटत होती. मला एकदम हलकं वाटलं. रचलेल्या गोष्टीत माणूस स्वतःला असं उशिरा पोचवत नाही.

“आई काही बोलली का?” मी विचारलं.

“बोलली नं. मी दारात, गुडघ्यापावत चिखल. मले पाह्यलं अन् म्हन्ते कशी, ‘आल्या का बाई? पायावर पानी घ्या. जेवल्या का तुमी?’”

“असं म्हणाली?”

“मले रडू का हासू समजेना. म्या म्हटलं, वो बाई, तुले लेकरू झालं, अन् तू मले जेवन इचारून राहिली! तं हासाले लागली. पोट हालून राहिलं अन् तू वरतं हालून राहिली.”

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. जेवल्या का तुमी. आई ते कसं म्हणाली, आवाज बारीक होता की भरडा, हसताना ती तोंडावर हात घ्यायची का? नर्सबाई न कंटाळता सांगत राहिल्या. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणाल्या. मी रडत होते, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.

“मग जेवलात का तुम्ही?” शेवटी मी विचारलं.

“जेवली नं. सकाळपासून उपाशी होती मी. तिनंच सांगितलं, चुलीपाशी झाकून हाये म्हनून. तुले पुसून, लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं अन् जेवली. भात अन् तरोट्याची भाजी. सकाळी कळा येऊन राहिल्या असतीन, तशातच रांधलं तिनं.” मग त्या माझ्याकडे वळून, जरा आवाज चोरून म्हणाल्या, “मीठ जास्त झालं होतं भाजीत. पर म्या तिले सांगितलं नाही.”